रहाटपाळणा, लघुप्रतिकृती

जत्रेत किंवा उद्यानात मनोरंजनासाठी उभारल्या जाणाऱ्या रहाटपाळण्याची ठराविक प्रमाणात लहान केलेली व प्रत्यक्ष फिरणारी प्रतिकृती. लहान प्रमाणातील आगगाड्या, रूळ, स्थानके व भोवतालचा परिसर यांच्या फलकावर केलेल्या मांडणीस प्रतिकृती रूळमार्ग म्हणतात. अशा मांडणीत आगगाडीखेरीज हालचाल करणाऱ्या ज्या वस्तू बसवितात, त्यांमध्ये रहाटपाळणा, चक्री व साखळीपाळणा ही जत्रेतील साधने विशेष लोकप्रिय आहेत. त्यांची रचना वरवर सोपी दिसते. तथापि आकार लहान केला, तरी गुरुत्वाकर्षण, घर्षण व निरूढी (वस्तूची आपली स्थिर वा गतिमान अवस्था टिकविण्याची प्रवृत्ती) ही त्याच प्रमाणात लहान होत नाहीत. त्यामुळे चांगली चालणारी प्रतिकृती करताना यामिकीतील मूलभूत तत्त्वांचा विचार करावा लागतो. प्रस्तुत नोंदीत प्रामुख्याने उभ्या चक्राच्या रहाटपाळण्याची रचना, त्याची चालना व त्याचे स्वयंचलन यांची माहिती दिलेली आहे.

इतिहास : विहिरीतून पाणी काढण्याच्या, घटमाळ असलेल्या चक्रास मराठीत रहाट म्हणतात. त्याच्याशी असलेल्या साम्यामुळे पाळणे टांगलेल्या उभ्या चक्रास रहाटपाळणा हे नाव पडले. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६२० मध्ये तत्कालीन ऑटोमन साम्राज्यातील फिलिपोपोलिस (हल्लीचे बल्गेरियातील प्लॉव्हडिव्ह) येथे पाहिलेल्या अशा चक्राचे वर्णन केलेले आहे. १८९३ साली शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात जॉर्ज वॉशिंग्टन गेल फेरिस या अभियंत्यांनी सु. ८०·४ मी. उंचीचे पोलादी चक्र उभारले. त्याला ३६ डबे होते व प्रत्येकात ६० माणसे मावत. व्हिएन्ना येथील १८९७ मधील चक्र ६४·७५ मी. उंचीचे असून ते अद्याप चालू आहे. १९०० साली अमेरिकेत विल्यम सलिव्हन यांनी सुटे करून गावोगाव नेता येईल असे चक्र तयार केले व तेव्हापासून फिरत्या जत्रांत यांत्रिक रहाटपाळणा रूढ होत गेला.

महाराष्ट्रातील गावजत्रांत दोन प्रकार आढळतात. पहिला प्रकार लाकडी व हाताने फिरविण्याचा. दोन उभ्या खांबांवर आडवा दंड ठेवून त्यावर एकमेकांस छेदणाऱ्या लाकडी भुजा बसवितात व भुजांच्या टोकांना चार पाळणे टांगतात. चालविणारा माणूस खाली येणाऱ्या पाळण्यास हात देऊन गती देतो. दुसरा प्रकार लोखंडी चौकटीचा, आठ ते सोळा वा अधिक पाळण्यांचा व एंजिनाने किंवा विद्युत् चलित्राने फिरणारा. पहिला प्रकार आता क्रमाक्रमाने नाहीसा होत असून, त्याची मोजमापे सहसा कोठेही नोंदलेली नाहीत. कारण तो गावच्या सुताराने किंवा पाळणेवाल्याने नकाशाशिवाय, हाताच्या अंदाजाने बांधलेला असतो.

प्रतिकृती रूळमार्गांच्या क्षेत्रात मेर्क्लीन या जर्मन कारखान्याने १८९१ साली रुळांची ठराविक मापे रूढ करण्यास प्रारंभ केला. पुढे जर्मनीतील ग्यूटेनबाख येथे १९४६ मध्ये स्थापन झालेल्या फालर या कारखान्याने रूळमार्गाशेजारी मांडावयाच्या इमारतींच्या व नंतर फिरणाऱ्या जत्रा-साधनांच्या जुळणीसंचांची निर्मिती केली. हे संच युरोपीय जत्रांचे असतात. भारतीय रहाटपाळणा हवा असल्यास तो स्वतः मोजून बनविण्यावाचून गत्यंतर नसते.

प्रमाण व मापे : सर्वांत अधिक वापरात असलेले प्रमाण १ : ८७ हे होय, यास एचओ प्रमाण म्हणतात. या प्रमाणात रुंदमापी नसलेल्या, म्हणजे १,४३५ मिमी. या युरोपीय प्रमाणमापाच्या रुळांतील अंतर १६·५ मिमी. येते. १ : १६० या प्रमाणास एन प्रमाण म्हणतात व त्याचे रुळांतील अंतर ९ मिमी. असते. भारतीय ७६२ मिमी. अंतराचा अरुंदमापी मार्ग १ : ८७ मध्ये दाखविताना ७६२ भागिले ८७ म्हणजे सु. ८·८ मिमी. अंतर लागते. म्हणून बाजारात मिळणारे एन प्रमाणाचे ९ मिमी. चे रूळ या कामी उत्तम चालतात. मात्र त्या रुळांवरील डबे, माणसे व पाळणे १ : ८७ या प्रमाणातच करावे लागतात. १·६५ मी. उंचीचा माणूस या प्रमाणात १९ मिमी. भरतो.

उदाहरणादाखल आठ पाळण्यांचे एक चक्र घेऊ. पाळण्यांच्या खिळ्यांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास १२० मिमी. घेतल्यास मूळ चक्राचा व्यास १०·४४ मी. होतो. हे माप फिरत्या जत्रेतील मध्यम आकाराच्या चक्राशी जुळते. पाळणा खिळ्याखाली सु. १५ मिमी. लोंबतो. म्हणून दंड जमिनीपासून किमान ७५ मिमी. उंच हवा, चढण्याचा कट्टा व मोकळी जागा धरून तो ८० मिमी. ठेवतात. लगतच्या दोन खिळ्यांतील सरळ अंतर सु. ४६ मिमी. येते. पाळण्याची रुंदी १५ ते १८ मिमी. ठेवल्यास पाळणे एकमेकांस लागत नाहीत.

लहान आकाराची गतिकी : प्रतिकृतीतील लांबी ८७ पटींनी कमी होते, परंतु गुरुत्वीय प्रवेग ९·८१ मी./सेकंद² एवढाच राहतो. याचे परिणाम साखळीपाळण्यात स्पष्ट दिसतात. मूळ साखळीपाळणा ५·२२ मी. त्रिज्येवर मिनिटाला १० फेरे घेत असेल, तर केंद्रोत्सारी प्रेरणेमुळे साखळ्या उभ्या रेषेशी सु. ३०° कोन करतात. त्याची १ : ८७ प्रतिकृती तेवढ्याच फेऱ्यांनी फिरविली, तर हा कोन ०·४° हूनही कमी भरतो; म्हणजे पाळणे सरळ खाली लोंबत राहतात. मुळाइतका कोन येण्यासाठी फेरे ८७ च्या वर्गमूळाइतके, म्हणजे सु. ९·३ पट, अर्थात मिनिटाला ९३ करावे लागतात. असे चक्र डोळ्यांना भोवऱ्यासारखे दिसते व त्यातील माणसांबद्दल काळजी वाटू लागते. म्हणून अनुभवी कारागीर साखळ्यांऐवजी ताठ पितळी तारा वापरून त्या आधीच तिरक्या वळवितात किंवा तारा वर उचलणारी लहान चकती मध्यदंडात बसवून गती वाढताना कोन यांत्रिक रीतीने वाढवितात.

उभ्या रहाटपाळण्यात ही अडचण सौम्य असते. मुळात मिनिटाला सु. ६ फेरे घेणारे चक्र प्रतिकृतीतही ६ फेऱ्यांनीच फिरविले तर ते नैसर्गिक दिसते. मात्र टांगलेल्या पाळण्याचा स्वतःचा झोका बदलतो. लंबक म्हणून पाहता १·०४ मी. लांबीचा झोका सु. २ सेकंदांत पूर्ण होतो, तर १२ मिमी. लांबीचा झोका ०·२२ सेकंदातच पूर्ण होतो. यामुळे चक्राला जरा धक्का बसला की पाळणे थरथरतात. उपाय पाळण्यात नसून चालनेत आहे : चक्र एकदम सुरू करू नये व एकदम थांबवू नये.

पाळणा सरळ राहण्याची अट : रहाटपाळण्याच्या प्रतिकृतीत सर्वाधिक आढळणारा दोष म्हणजे पाळणा खिळ्यावर अडकून चक्राबरोबर उलटा होणे. खिळ्याची त्रिज्या, पाळण्याचा गुरुत्वमध्य खिळ्याखाली किती अंतरावर आहे ते अंतर व घर्षणांक यांवर पाळण्याचा कल अवलंबून असतो. घर्षणांकास खिळ्याच्या त्रिज्येने गुणून गुरुत्वमध्याच्या अंतराने भागले असता कलाच्या कोनाची ज्या मिळते. खिळा ०·५ मिमी. व्यासाचा, गुरुत्वमध्य ६ मिमी. खाली व घर्षणांक ०·३ असेल, तर कल ०·७° इतकाच येतो व तो डोळ्यांना दिसत नाही. खिळा १ मिमी. व्यासाचा व गुरुत्वमध्य केवळ १ मिमी. खाली असेल, तर कल ८·६° होतो.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. खिळा शक्य तेवढा बारीक असावा. आणि पाळण्यात बसविलेल्या माणसांमुळे गुरुत्वमध्य वर सरकत असल्याने आसनाखाली पितळेचा लहान तुकडा चिकटवून तो पुन्हा खाली आणावा. केवळ घर्षणाचा विचार केला, तर पाळण्याचे वजन वाढवून कलात फरक पडत नाही. परंतु रंगाचा थर, धूळ व चिकट तेल यांचा विरोध वजनाबरोबर कमीजास्त होत नाही व म्हणून फार हलका पाळणा त्यांना बळी पडतो. खिळ्यांना तेल देऊ नये. वंगणाची गरजच वाटली, तर पेन्सिलीतील ग्रॅफाइटाची पूड वापरावी.

सांगाडा : चक्राच्या दोन्ही बाजूंच्या चौकटी तंतोतंत एकसारख्या असाव्या लागतात. यासाठी गुळगुळीत फळीवर १२० मिमी. व्यासाचे वर्तुळ व ४५° अंतरावर आठ त्रिज्या आखतात. केंद्रावर व प्रत्येक त्रिज्येच्या टोकावर बारीक खिळे ठोकतात. या साच्यात ०·८ मिमी. जाडीच्या पितळी तारा बसवून सांधे डाखाने जोडतात. पहिली चौकट काढून त्याच साच्यात दुसरी तयार करतात. आधी सर्व त्रिज्या केंद्राशी जोडून मग परीघाचे तुकडे जोडावेत. उलट क्रमाने केल्यास उष्णतेने वाढलेली तार थंड होताना चौकट पिळवटते. प्लॅस्टिकचे पत्रे, पातळ प्लायवुड, लेसर किरणाने कापलेला पुठ्ठा किंवा त्रिमितीय मुद्रकावर तयार केलेले भाग यांचाही हल्ली वापर होतो. मात्र प्लॅस्टिकच्या लांब बारीक भुजा उन्हाळ्यात वाकतात.

दंडासाठी २ मिमी. व्यासाची सरळ पोलादी कांब घेतात व ती पितळी नळीच्या तुकड्यांच्या धारव्यांत फिरवितात. दोन्ही धारवे एका रेषेत येण्यासाठी ते दंडावर चढवूनच खांबांना जोडावेत. लाकडी रहाटपाळणा दाखवावयाचा असल्यास बांबूच्या कामट्या किंवा सागाच्या पातळ पट्ट्या वापरतात. त्यांचा मूळ रंग व रेषा कायम ठेवल्यास वेगळा रंग द्यावा लागत नाही.

समतोल : जुळणी झाल्यावर, पण चालना जोडण्यापूर्वी, चक्राचा समतोल साधतात. दंडाची दोन टोके समपातळीत ठेवलेल्या दोन सुऱ्यांच्या धारेवर ठेवून चक्र मोकळे सोडतात. जड बाजू खाली येऊन थांबते. तिच्या बरोबर विरुद्ध बाजूस डाखाचा थेंब किंवा तारेचा तुकडा लावतात. चक्र कोणत्याही स्थितीत स्थिर राहू लागेपर्यंत ही कृती पुनःपुन्हा करतात. परीघावर अर्धा ग्रॅम वजन जरी अधिक राहिले, तरी ६ सेंमी. त्रिज्येवर ते ३ ग्रॅम-सेंमी. एवढे पीडन निर्माण करते. आणि असे चक्र चढताना मंद व उतरताना जलद होऊन लंगडल्यासारखे फिरते. प्रत्यक्ष जत्रेतील चक्राच्या बाबतीतही हाच नियम लागू आहे. जाणता पाळणेवाला एकापाठोपाठचे पाळणे न भरता समोरासमोरचे पाळणे आळीपाळीने भरतो, ते यामुळेच.

चालना : १२ व्होल्ट एकदिश विद्युत् दाबावर चालणारे लहान चलित्र भार असताना मिनिटाला सु. ३,००० फेरे घेते असे मानू. चक्रासाठी ६ फेरे हवेत. म्हणजे गती सु. ५०० पटींनी कमी करावी लागते. मळसूत्री दंतचक्राच्या जोडीने ३० पट व त्यानंतर प्रत्येकी ४ पट घट देणाऱ्या दोन साध्या दंतचक्र जोड्यांनी १६ पट, अशी एकूण ४८० पट घट होऊन ६·२५ फेरे मिळतात. मळसूत्री जोडीचा आणखी एक लाभ असा की, चक्राकडून उलटी गती चलित्राकडे जाऊ शकत नाही. त्यामुळे प्रवाह बंद केल्यावर चक्र आहे तेथेच राहते. दंतचक्रे पेटीत बसविलेली तयार चलित्रेही मिळतात.

चलित्र फलकाखाली ठेवून गती वर आणण्यासाठी खांबाच्या मागील बाजूने दातेरी पट्टा किंवा बारीक साखळी घेतात. गोल रबरी पट्टा स्वस्त असतो. परंतु मराठवाड्यासारख्या प्रदेशातील कडक उन्हाळ्यात तो लवकर सैल पडतो व घसरतो. पट्टा झाकण्यासाठी तिकिटाची खोली किंवा जाहिरातीचा फलक खांबामागे उभा करतात.

दंतचक्रांच्या दात्यांमध्ये थोडी ढिलाई असतेच. समतोल किंचित बिघडलेला असेल, तर जड बाजू माथ्यावरून पुढे जाताच चक्र तेवढ्या ढिलाईपुरते पुढे कोसळते व पाळणे हेलकावतात. यासाठी दंडावर धारव्याशेजारी नमद्याची लहान चकती हलका दाब देऊन बसवितात. तिच्या सततच्या विरोधाने दाते नेहमी एकाच बाजूस टेकलेले राहतात.

हाताने फिरविण्याचा लाकडी पाळणा दाखविताना गती पूर्णपणे एकसारखी ठेवू नये. माणूस हात देतो तेव्हा चक्र जलद होते व पुढच्या पाळण्यापर्यंत मंदावते. चलित्राचा दाब प्रत्येक पाव फेऱ्यास थोडा वाढवून पुन्हा कमी केल्यास हा परिणाम साधतो व यंत्र असूनही ते यंत्र वाटत नाही.

स्वयंचलन : जुन्या पद्धतीत एका मंदगती दंडावर खाचा असलेल्या चकत्या बसवीत. चकती फिरताना तिच्या उंचवट्याने लहान स्विच दाबला जाई व अभिचालित्रामार्फत चलित्र चालू वा बंद होई. ही योजना साधी व टिकाऊ आहे. तथापि तिला केवळ वेळ कळते, चक्राची स्थिती कळत नाही. विद्युत् दाब कमी झाला किंवा पट्टा घसरला, की पाळणा कट्ट्यासमोर न थांबता अधांतरी थांबतो. म्हणून चांगल्या स्वयंचलनात चक्राची स्थिती ओळखणारा संवेदक आवश्यक ठरतो.

दातेरी पट्ट्याने चक्राशी एकास एक जोडलेल्या, फलकाखालील दंडावर ६० मिमी. व्यासाची चकती बसवितात. तिच्या कडेजवळ ४५° अंतरावर आठ लहान चुंबक व आतील वर्तुळावर एक चुंबक चिकटवितात. कडेच्या चुंबकांसमोर एक व आतील चुंबकासमोर एक, असे दोन चुंबकीय स्विच ठेवतात. काचनळीतील दोन लोहपट्ट्या चुंबक जवळ येताच एकमेकींस चिकटतात व मंडल पूर्ण होते. कडेच्या स्विचमुळे ‘कोणता तरी पाळणा कट्ट्यासमोर आला’ हे कळते, तर आतील स्विचमुळे ‘पहिला पाळणा आला’ हे कळते. दोहोंवरून कोणत्याही क्षणी कोणता पाळणा कोठे आहे हे मोजता येते. गोल रबरी पट्टा वापरला असेल, तर तो घसरू शकत असल्याने ही चकती प्रत्यक्ष चक्राच्या दंडावरच बसवावी लागते. लोहपट्ट्या चिकटताना क्षणभर थरथरतात व एकाऐवजी अनेक संकेत जातात. म्हणून पहिल्या संकेतानंतर सु. ०·०२ सेकंद दुसरा संकेत मोजू नये अशी योजना करतात.

निर्णय घेण्याचे काम सूक्ष्मनियंत्रक करतो. इटलीत २००५ साली आर्दुइनो हा स्वस्त नियंत्रक फलक तयार झाल्यापासून हे काम हौशी कारागिरांच्या आवाक्यात आले. नियंत्रक चलित्राला कमी दाब न देता पूर्ण दाबाचे तुटक स्पंद देतो व स्पंदांची रुंदी कमीजास्त करून गती बदलतो. पूर्ण दाबाच्या स्पंदांमुळे सुरुवातीच्या घर्षणावर मात होऊन चलित्र अगदी मंद गतीनेही न अडखळता फिरते.

एका खेळाचा क्रम पुढीलप्रमाणे ठरविता येतो. समतोलासाठी पाळणे १, ५, ३, ७, २, ६, ४, ८ या क्रमाने कट्ट्यासमोर आणतात. ८ व्या पाळण्यानंतर पुढील खेळासाठी पुन्हा १ ला येईपर्यंतचा टप्पा धरला, तर या सर्व हालचालींत चक्राचे बरोबर चार फेरे होतात. मिनिटाला २ फेरे या मंद गतीने त्यांस १२० सेकंद लागतात. प्रत्येक पाळण्यास ४ सेकंद थांबा दिल्यास त्यात ३२ सेकंदांची भर पडते. उतरणारे उतरले की त्याच थांब्यात नवे चढतात असे मानतात. पाळणे भरल्यावर ६ सेकंदांत गती मिनिटाला ६ फेऱ्यांपर्यंत वाढवितात, ९४ सेकंद तीच गती ठेवतात व पुन्हा ६ सेकंदांत कमी करतात. गती वाढताना व घटताना प्रत्येकी ०·३ फेरा होत असल्याने हे एकूण १० फेरे भरतात. संपूर्ण खेळ २५८ सेकंदांत, म्हणजे सव्वाचार मिनिटांहून थोड्या अधिक वेळात पूर्ण होतो. अखेरचे थांबणे मात्र वेळेवर न सोपविता कडेच्या चुंबकाच्या संकेतावर करावे. चक्र नेहमी एकाच दिशेने येऊन थांबत असेल, तर थांबण्याच्या जागेत परीघावर १ मिमी. हून अधिक फरक पडत नाही.

रूळमार्गाशी सांगड : जत्रा व आगगाडी यांचा संबंध दाखविणे हा अशा मांडणीचा खरा हेतू असतो. स्थानकातील रुळांचा एक तुकडा विद्युत् दृष्ट्या अलग करून त्यातून जाणारा प्रवाह पाहिला, की गाडी आल्याचे कळते. हा संकेत नियंत्रकाला दिल्यास गाडी थांबल्यानंतर ठराविक वेळाने, म्हणजे उतारू जत्रेत पोहोचण्याइतका अवधी सोडून, पाळणा सुरू होतो. अंकीय नियंत्रण पद्धतीत रुळांतूनच आज्ञा पाठविल्या जातात. तीत पाळण्याला स्वतंत्र क्रमांक देऊन तो इतर उपकरणांप्रमाणे चालविता येतो. मात्र चलित्र व दिवे यांना स्वतंत्र विद्युत् पुरवठा असावा, अन्यथा पाळणा सुरू होताच गाडी मंदावते. चलित्राच्या दोन्ही अग्रांवर ०·१ मायक्रोफॅराड धारणेचे धारित्र जोडल्यास ठिणग्यांमुळे नियंत्रकात चुकीचे संकेत जात नाहीत. घरातील २३० व्होल्ट दाब मांडणीच्या फलकापर्यंत कधीही आणू नये. रोहित्र बाहेर ठेवून केवळ १२ व्होल्ट आत आणावेत व मंडलात वितळतार ठेवावी.

दिवे : फिरत्या चक्रावरील दिव्यांना वीज पोहोचविण्यासाठी दंडाचे दोन अर्धे भाग मध्ये निरोधक नळी घालून जोडतात. एका खांबाच्या धारव्यातून धन व दुसऱ्याच्या धारव्यातून ऋण प्रवाह जातो. धारव्यावर विसंबण्यापेक्षा दंडावर टेकणारी फॉस्फर ब्राँझची लवचिक पट्टी लावणे अधिक भरवशाचे असते. प्रकाश उत्सर्जक द्विप्रस्थाला ३ व्होल्ट दाब व ५ मिलिअँपिअर प्रवाह पुरेसा होतो. १२ व्होल्टमधून उरलेले ९ व्होल्ट उतरविण्यासाठी प्रत्येकास १,८०० ओहमचा रोधक जोडतात. गावजत्रेच्या देखाव्यात दिवे मोजके व पिवळसर असावेत.

दोष व देखभाल : पाळणा उलटत असल्यास खिळा पुसून गुरुत्वमध्य तपासावा. चक्र लंगडत असल्यास समतोल पुन्हा साधावा. थांबण्याची जागा हळूहळू सरकत असल्यास पट्टा घसरत आहे किंवा दंडावरील चकती सैल झाली आहे असे समजावे. दिवे लुकलुकत असल्यास पट्टीचे टोक स्पिरिटाने पुसावे. मांडणी वापरात नसताना कापडाने झाकून ठेवावी. कारण बारीक धूळ हीच अशा यंत्रणेची मुख्य शत्रू होय.

महाराष्ट्रातील संदर्भ : पुणे येथे कोथरूड भागात भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झाले. तेथील लघुनगरीत गाड्या, सिग्नल व दिवे यांची हालचाल संगणकाद्वारे नियंत्रित केली जाते. स्वयंचलित प्रतिकृती रूळमार्गाचे महाराष्ट्रातील हे प्रमुख उदाहरण असून, वर सांगितलेली संवेदक, नियंत्रक व चलित्र ही साखळी मोठ्या प्रमाणावर कशी काम करते हे तेथे पाहता येते.

जत्रेच्या देखाव्यास सर्वांत अनुरूप असा मराठी मुलखातील लोहमार्ग म्हणजे बार्शी लाइट रेल्वे होय. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या अभियंत्यांच्या योजनेनुसार ७६२ मिमी. अंतराच्या या मार्गाचा बार्शी रोड (कुर्डुवाडी) ते बार्शी हा पहिला टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला. १९०६ मध्ये तो पंढरपूरपर्यंत व १९११ मध्ये धाराशिव जिल्ह्यातील तडवळे, येडशी, ढोकी या भागातून लातूरपर्यंत गेला. पंढरपूरच्या यात्रेकरूंची वाहतूक हे त्याचे एक मुख्य काम होते. १९५४ मध्ये तो सरकारी मालकीचा झाला व एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी त्याचे रुंदमापीत रूपांतर झाल्यावर अरुंदमापी गाडी इतिहासजमा झाली. या मार्गावरील एखादे लहान स्थानक, शेजारचे जत्रेचे मैदान व त्यातील चार पाळण्यांचा लाकडी रहाट हा देखावा ९ मिमी. रुळांवर १ : ८७ प्रमाणात बसविता येतो.

याच जिल्ह्यातील लोहारा तालुक्यातील माकणी हे तेरणा नदीवरील निम्न तेरणा प्रकल्पाचे गाव. तेथे लोहमार्ग नाही. त्यामुळे माकणीची जत्रा व अरुंदमापी गाडी एकत्र दाखविल्यास तो देखावा काल्पनिक आहे, असे मांडणीवर स्पष्ट लिहिणे उचित ठरते. परंतु या परिसरात प्रतिकृतीला वेगळेच महत्त्व आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारी व आताच्या लोहारा तालुक्यातील सास्तूर यांच्या आसपासची अनेक गावे उद्ध्वस्त झाली व पुढे त्यांचे पुनर्वसन नव्या जागी, नव्या आखणीनुसार करण्यात आले. जुन्या गावांतील वेस, पार, देवळापुढील पटांगण व तेथे उभा राहणारा पाळणा यांची परस्परांतील अंतरे आता ज्यांनी ती पाहिली त्यांच्या आठवणीतच उरलेली आहेत. अशा वृद्धांना विचारून, जुन्या छायाचित्रांतील माणसांच्या उंचीवरून मापे काढून व ती कागदावर नोंदवून केलेली प्रतिकृती ही खेळण्यापुरती मर्यादित राहत नाही. पाळण्याला किती भुजा होत्या, खांब किती खोल पुरीत, हात कोठून देत, या प्रश्नांची उत्तरे लेखी साधनांत सहसा मिळत नाहीत. ती प्रतिकृती करताना विचारावीच लागतात. कारण ती मिळाल्याखेरीज पाळणा फिरत नाही. शाळांतील कार्यशिक्षणात असा उपक्रम घेतल्यास यामिकी, विद्युत् शास्त्र व गावाचा इतिहास यांचे शिक्षण एकाच वेळी होऊ शकते. जुळणी पूर्ण झाल्यावर मापांचा आराखडा, विद्युत् मंडलाची आकृती व माहिती सांगणाऱ्यांनी दिलेला तपशील प्रतिकृतीसोबत जतन करावा. यंत्र पुढे बंद पडले, तरी त्या कागदांवरून ते पुन्हा उभे करता येते.